कमल रणदिवे

कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, जन्म : पुणे, ८ नोव्हेंबर १९१७, मृत्यू : ११ एप्रिल २००१) या भारतीय जीववैद्यक शास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होत्या. मुंबई येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याचे तंत्र भारतात रुजवण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते. स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचे परस्परसंबंध, तंबाखू व सुपारी यांची कर्कजनकता आणि कुष्ठरोगाचे जीवाणू हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होते. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक होत. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा पुरस्कार मिळाला.

बालपण व शिक्षण

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्रज्ञ असून फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत. आईचे नाव शांताबाई. मुलगे आणि मुली असा भेद न करता सर्व अपत्यांना उत्तम शिक्षण मिळावे, यावर वडिलांचा कटाक्ष होता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे व तिचा विवाह डॉक्टरशी व्हावा, अशी वडिलांची इच्छा होती. यांतील एकही गोष्ट घडली नाही. कमल यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय निवडले आणि विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली. पुढे १३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला. ते गणितज्ञ होते.

पदव्युत्तर अभ्यासासाठी त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाल्या. १९४३ साली त्यांनी एम.एस्सी. ही पदवी संपादन केली. त्यांचा विशेष विषय होता सीताफळाच्या कुलातील वनस्पतींचे पेशीआनुवंशिकीशास्त्र. मराठी वाचकाला हे कुल परके नाही. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सीताफळाचे, तसेच रामफळाचेही, हेच कुल होय. वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे व मोजणे या कामाचा कर्करोगाशी वरवर पाहता संबंध दिसत नाही. परंतु पेशीची अंतर्रचना वाचण्याची जी शिस्त त्यांना येथे लागली, तीच पुढे उंदरांच्या व माणसांच्या पेशींबाबत उपयोगी पडली. पेशीशास्त्राच्या या अभ्यासात पतीने त्यांना मोठे साहाय्य केले.

मुंबईत आगमन व खानोलकरांचे मार्गदर्शन

विवाहानंतर रणदिवे मुंबईत राहू लागल्या व टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर. भारतातील वैद्यकीय संशोधनाच्या पायाभरणीत खानोलकरांचे स्थान मोठे आहे. माणसाच्या राहणीचा, पोशाखाचा व व्यसनांचा त्याला होणाऱ्या कर्करोगाशी कोणता संबंध आहे, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. धोतराची गाठ जेथे सतत घासते तेथे कमरेच्या त्वचेवर उद्भवणारा कर्करोग त्यांनी १९४०च्या दशकात जगासमोर मांडला. युरोप-अमेरिकेच्या ग्रंथांत ज्याची नोंद नाही, असा आजार येथे असू शकतो व त्याचा शोध येथेच घ्यावा लागेल, ही दृष्टी रणदिवे यांना खानोलकरांकडून मिळाली, असे त्यांच्या पुढील कामावरून म्हणता येते.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी मुंबई विद्यापीठासाठी पीएच.डी.चे काम केले. विषय होता स्तनाचा कर्करोग. त्या काळी या क्षेत्रात एक चमत्कारिक निष्कर्ष गाजत होता. अमेरिकन संशोधक जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवले होते, की काही अंतःप्रजनित वंशांतील उंदरांच्या माद्यांना होणारा स्तनग्रंथीचा कर्करोग पिल्लांकडे केवळ रक्ताच्या नात्याने जात नाही, तर आईच्या दुधातूनही जातो. रोगप्रवण वंशाचे पिल्लू जन्मतः निरोगी वंशाच्या मादीखाली लावले, तर त्याला पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण घटते. दुधातील हा घटक म्हणजे एक विषाणू असल्याचे नंतर सिद्ध झाले. म्हणजे एकाच रोगाच्या मुळाशी वारसा, स्त्री-संप्रेरके व विषाणू असे तीन धागे गुंतलेले होते. ते सुटे करण्यासाठी प्रथम एकसारख्या जनुकीय घडणीचे उंदीर हवेत. ते पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करूनच मिळतात. रणदिवे यांच्या प्रारंभीच्या कामाचा मोठा भाग असे वंश सांभाळणे, त्यांच्यातील गाठींची नोंद ठेवणे आणि संप्रेरके दिल्यावर काय बदलते हे पाहणे यात गेला. आनुवंशिकता, अपत्यजन्म व ऊतकाची सूक्ष्म रचना यांचा कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी तपासला. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचे नाते मांडणाऱ्या भारतातील आद्य संशोधकांत त्यांची गणना होते. १९४९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

बाल्टिमोर

खानोलकरांच्या प्रोत्साहनाने रणदिवे यांनी अमेरिकेत जाण्याचे ठरवले. रॉकफेलर प्रतिष्ठानची अधिछात्रवृत्ती घेऊन त्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. गाय यांनी नळ्या संथपणे फिरत्या ठेवून पेशींना आळीपाळीने द्रव व हवा मिळेल अशी पद्धत बसवली होती. १९५१ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी अखंड वाढू लागल्या. हेला या नावाने ओळखला जाणारा तो माणसाच्या पेशींचा पहिला अमर वंश होय. त्या पेशी लॅक्स यांच्या संमतीवाचून घेतल्या गेल्या होत्या, ही बाब जगासमोर यायला पुढे अनेक वर्षे लागली. ऊतकसंवर्धन ही तेव्हा कारागिराच्या हातासारखी गुरूजवळ राहून शिकण्याची विद्या होती. केवळ शोधनिबंध वाचून ती साधत नसे. रणदिवे यांनी बाल्टिमोरहून आणली ती प्रामुख्याने ही हातोटी.

ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना केली व खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. मायदेशी परतलेल्या रणदिवे या केंद्रात वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम करू लागल्या. येथे त्यांनी उभारलेल्या प्रयोगशाळेचा उल्लेख भारतातील पहिली ऊतकसंवर्धन संशोधन प्रयोगशाळा असा केला जातो.

या कामाचे महत्त्व समजण्यासाठी कर्करोगाच्या चयापचयाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले, की गाठीतील पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. निरोगी पेशी सहसा असे करीत नाहीत. याचे कारण काय, यावर शतक उलटत आले तरी चर्चा चालू आहे. परंतु कर्कपेशी काय खाते, काय टाकते आणि कशावाचून मरते, हे जिवंत शरीरात पाहता येत नाही. तेथे यकृत, रक्त व संप्रेरके सतत मध्ये पडतात. पेशी एकटी काढून, तिला मोजून-मापून अन्न देऊन वाढवली, तरच प्रश्न नेमका विचारता येतो. हे अन्न म्हणजे संवर्धन माध्यम. त्यात क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे व रक्तद्रव हे घटक ठरलेल्या प्रमाणात लागतात. त्यात फिनॉल रेड हे रंजकद्रव्य घालण्याची पद्धत आहे. पेशी जोमाने वाढू लागल्या, की त्यांनी सोडलेल्या आम्लामुळे लालसर माध्यम पिवळे पडते. वारबुर्ग यांनी मोजलेल्या चयापचयाची ही डोळ्यांना दिसणारी खूण होय.

अशी माध्यमे व त्यांसाठी लागणारी द्रव्ये १९६०च्या दशकाच्या आरंभी रणदिवे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह केंद्रातच विकसित केली. त्यासाठी त्यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्र या दोन्ही विषयांतील तरुण पदवीधर निवडून त्यांना नव्या क्षेत्राचे शिक्षण दिले. स्वतः रणदिवे यांनी चयापचयावर सिद्धान्त मांडला नाही. त्यांचे काम त्याच्या अलीकडचे, म्हणजे तो प्रश्न भारतीय प्रयोगशाळेत विचारता येईल अशी सोय करण्याचे होते. वैज्ञानिकांच्या चरित्रांत अशा सोयीची नोंद बहुधा एका ओळीत आटोपते. परंतु जेथे बाहेरून येणारे प्रत्येक द्रव्य आयातीवर अवलंबून होते, तेथे माध्यम स्थानिक पातळीवर तयार होणे यावर संशोधन चालणार की थांबणार हे ठरत असे.

१९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा प्रभारी म्हणून सांभाळली. टाटा स्मारक रुग्णालय व संशोधन केंद्र यांचे १९६६ मध्ये टाटा स्मारक केंद्र या नावाखाली एकत्रीकरण झाले. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र व प्रतिकारशास्त्र असे नवे संशोधन विभाग त्यांनी सुरू केले. परदेशी शिकत असलेल्या भारतीय संशोधकांनी परत यावे, यासाठीही त्या आग्रही होत्या.

तंबाखू व सुपारीवरील प्रयोग

खानोलकरांनी रुग्णांच्या नोंदींतून जे प्रश्न मांडले, ते रणदिवे यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून तपासले. तोंडाचा कर्करोग आणि काश्मीरमध्ये पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरल्याने होणारा त्वचेचा कर्करोग या भारताच्या खास प्रकारांच्या कारणमीमांसेवर त्यांनी गोठोस्कर व खानोलकर यांच्यासह १९६३ साली निबंध प्रसिद्ध केला.

यांपैकी तोंडाच्या कर्करोगाचा प्रश्न अधिक अवघड होता. पान, सुपारी, चुना, कात व तंबाखू हे पदार्थ भारतीय माणूस बहुधा एकत्रच चघळतो. तंबाखू घातक आहे, याविषयी संशय उरला नव्हता. परंतु विडा व सुपारी यांना समाजात मानाचे स्थान आहे. लग्नात, पूजेत, पाहुण्याच्या स्वागतात सुपारी असतेच आणि अनेक घरांत ती पाचक म्हणून मुलांनाही दिली जाते. सुपारी एकटी घातक आहे काय, हा प्रश्न त्यामुळे कोणी सहसा विचारीत नसे. विचारला, तरी रुग्णांच्या पाहणीतून त्याचे उत्तर निघणे कठीण होते, कारण तंबाखूविना सुपारी खाणारे पुरेशा संख्येने सापडत नसत. प्रयोगशाळेत मात्र प्रत्येक घटक वेगळा देता येतो.

रणदिवे व त्यांचे सहकारी गोठोस्कर, राव, तेजाबवाला व अंबये यांनी सुपारी व तंबाखू यांच्या कर्कजनकतेवरील प्रायोगिक निबंध १९७६ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर या नियतकालिकात प्रसिद्ध केला. उंदीर व हॅमस्टर यांच्यावर हे प्रयोग केले होते. हॅमस्टरच्या गालांत दाणे साठवण्याची पिशवी असते. लावलेला पदार्थ तेथे अस्तराला चिकटून राहतो, त्यामुळे माणसाच्या गालात धरलेल्या तोबऱ्याशी तिची तुलना करता येते. सुपारीचे अर्क तंबाखूच्या साथीविनाही गाठी उत्पन्न करू शकतात, हा या कामाचा आशय होता. विड्याच्या चर्वणावर हॅमस्टरांवरच केलेला त्यांचा पुढील निबंध १९७९ साली त्याच नियतकालिकात आला.

कुष्ठरोगावरील काम

कुष्ठरोगाचे जीवाणू कृत्रिम माध्यमात वाढत नाहीत. हान्सेन यांनी १८७३ साली जीवाणू ओळखल्यानंतरही तो प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न फसत आले होते. ऊतकसंवर्धनाचे तंत्र हाती असल्यामुळे केंद्रातील शास्त्रज्ञांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. १९५८ साली बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून मिळालेला एक आम्लस्थायी जीवाणू वाढवल्याचे जाहीर केले. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी बॅसिलस हे नाव पडले. पुढील तपासात तो प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा जीवाणू नसून त्याच्याशी प्रतिकारशास्त्रीय साम्य असलेला, मायकोबॅक्टेरिअम एव्हिअम-इंट्रासेल्युलेअर या गटातील जीवाणू असल्याचे दिसून आले. मूळ अपेक्षा अशी पुरी झाली नाही. परंतु हेच साम्य लशीच्या दृष्टीने उपयोगाचे ठरले. एम. जी. देव यांच्या नेतृत्वाखाली या जीवाणूपासून लस तयार करण्यात आली. दक्षिण भारतातील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत या लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. त्या चाचणीतील लशींपैकी हे सर्वाधिक होते.

संशोधनाचे उद्धरण व प्रभाव

कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर रणदिवे यांचे २००हून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एखाद्या शास्त्रज्ञाचा प्रभाव आज त्याच्या निबंधांना मिळालेल्या उद्धरणांच्या संख्येवरून मोजण्याचा प्रघात आहे. रणदिवे यांच्या बाबतीत हे माप अपुरे पडते. उद्धरणांची पहिली मोठी सूची, सायन्स सायटेशन इंडेक्स, १९६४ साली प्रसिद्ध होऊ लागली. तोवर त्यांचे स्तनकर्करोगावरील प्रारंभीचे काम व जीवाणूचा शोध हे दोन्ही होऊन गेले होते. जीवाणूवरील निबंध भारतीय नियतकालिकात आला होता आणि अशा नियतकालिकांना त्या सूच्यांत फारच थोडी जागा होती.

संख्येपेक्षा निबंध कोणी आणि कशासाठी उद्धृत केला, हे पाहणे त्यांच्याबाबत अधिक बोलके ठरते. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न असलेली ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था निरनिराळ्या पदार्थांच्या कर्कजनकतेचे मूल्यमापन करून ग्रंथमाला प्रसिद्ध करते. १९८५च्या ३७व्या खंडात धूम्रपानाव्यतिरिक्त तंबाखूसेवन, विडा व सुपारी यांचा विचार झाला. त्यात प्राण्यांवरील पुराव्यांमध्ये रणदिवे व सहकाऱ्यांचे प्रयोग घेतलेले आहेत. त्या वेळी तंबाखूयुक्त विडा माणसात कर्कजनक ठरवण्यात आला. तंबाखूविरहित विड्याबाबत मात्र माणसांतील पुरावा अपुरा मानला गेला. २००४च्या ८५व्या खंडात हा निर्णय बदलला. तैवानसारख्या, विड्यात तंबाखू न घालणाऱ्या प्रदेशातून रुग्णांच्या पाहण्या तोपर्यंत उपलब्ध झाल्या होत्या. तंबाखूविरहित विडा आणि सुपारी हे दोन्ही माणसात कर्कजनक म्हणून पहिल्या गटात घालण्यात आले. हा निर्णय कोणा एका प्रयोगशाळेचा नाही. तैवान, अमेरिका व भारत येथील अनेक गटांचे काम त्यात आहे. तथापि माणसांची पाहणी हाती नसताना, सुपारीकडे स्वतंत्रपणे पाहणाऱ्या थोड्या संशोधकांत मुंबईचा हा गट होता. तीन दशकांनी आलेल्या निर्णयापूर्वी रणदिवे यांचे निधन झाले होते.

भारतीय महिला वैज्ञानिक संघटना

१९७३ साली रणदिवे यांनी ११ सहकाऱ्यांसह मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. वैज्ञानिक स्त्रियांच्या अडचणी केवळ प्रयोगशाळेत नसतात. मूल सांभाळायला कोणी नाही, परगावी राहायला सुरक्षित जागा नाही, या कारणांनी संशोधन सुटते. म्हणून संघटनेने ठरावांवर व व्याख्यानांवर भर न देता वाशी येथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह व मुलांसाठी पाळणाघर उभे केले. विज्ञानप्रसाराचे कार्यक्रमही तेथून चालतात. रणदिवे यांच्या पिढीत कर्करोग संशोधन केंद्रात सत्यवती सिरसाट यांच्यासारख्या इतर महिला शास्त्रज्ञही कार्यरत होत्या. सिरसाट यांनी तेथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने मुखकर्करोगाचा अभ्यास केला. त्या काळातील भारतीय संस्थांचा विचार करता ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल.

पुरस्कार व सन्मान

१९६४ साली रणदिवे यांना भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला. सुवर्णपदक व १५,००० रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रातील कामासाठी वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक त्यांना देण्यात आले. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने त्यांना गुणश्री वैद्यकीय शास्त्रज्ञ म्हणून नेमले. १९८२ साली वैद्यक क्षेत्रातील कार्यासाठी पद्मभूषण प्रदान झाला.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर रणदिवे यांचे लक्ष शहरी रुग्णालयाकडून डोंगरी गावांकडे वळले. १९८९ साली त्यांनी तत्कालीन अहमदनगर (सध्याच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूर परिसरातील आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीचा अभ्यास केला. त्या भागातील स्त्रियांना आरोग्य व आहार यांविषयी मार्गदर्शन करण्याचे कामही महिला संघटनेमार्फत झाले. पेशीच्या अन्नाचा हिशेब ठेवण्यात आयुष्य गेलेल्या शास्त्रज्ञाने वयाच्या सत्तरीनंतर मुलांच्या ताटाकडे पाहावे, यात एक सुसंगती आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेल्या कर्करोग संशोधन संस्थेचे २००२ साली नवी मुंबईतील खारघर येथे स्थलांतर झाले व तिचे नाव प्रगत कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र असे झाले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, रणदिवे यांच्या १०४व्या जयंतीस, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर सूक्ष्मदर्शकात पाहत असलेल्या रणदिवे यांचे चित्र प्रसिद्ध केले.